हिरवे माहेर

मार्च महिना आला की शिकागोहून माझ्या भाचीचे एक छायाचित्र हमखास येते. शहराच्या मधोमध वाहणारी नदी, आणि तिचे पाणी पोपटी हिरवे! सेंट पॅट्रिकच्या सणासाठी तिथल्या नळकामगारांच्या संघटनेची माणसे होडीतून रंग टाकून ती नदी रंगवतात. १९६२ सालापासूनची ही रीत आहे. काठावर माणसांची ही गर्दी, आणि त्या गर्दीत हिरवी टोपी घातलेली आमची सांगलीची पोर. पहिल्यांदा छायाचित्र आले तेव्हा मी तिला विचारले, "अगं, तुझा आणि त्या आयरिश लोकांचा संबंध काय?" ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी इथं सगळेच आयरिश असतात."

हे उत्तर मला गोड वाटले आणि थोडे खटकलेही. मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवणारी बाई. मॅट्रिकच्या पुढे शिक्षण झाले नाही, आणि चार कादंबऱ्या लिहिल्या त्या आपल्याच तालुक्याची हद्द न ओलांडता. तेव्हा आयर्लंडविषयी बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु भाचीने नंतर "हा बघ, म्हणजे तुला कळेल" असे सांगून एक चित्रपट पाठवला, आणि त्याने माझ्या घरातलीच एक जुनी गोष्ट अशी काही उकरून काढली, की त्याच्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवेना.

तो चित्रपट म्हणजे जॉन फोर्डचा 'द क्वाएट मॅन'. साल १९५२. अमेरिकेतल्या आयरिश वंशाच्या घरांतून सेंट पॅट्रिकच्या सणाला तो आजही आवडीने पाहिला जातो. त्याच्याकडे वळण्यापूर्वी या सणाची एक गंमत सांगायला हवी. न्यूयॉर्कमध्ये सेंट पॅट्रिकची मिरवणूक निघू लागली ती १७६२ साली, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधी. खुद्द डब्लिनमध्ये सरकारी इतमामाने ती निघाली १९३१ साली! आयर्लंडात हा मुळात देवळात जाण्याचा दिवस. कित्येक वर्षे त्या दिवशी तिथले गुत्ते कायद्याने बंद असत. अमेरिकेत मात्र त्या दिवशी बिअरसुद्धा हिरवी. अमेरिकेतले आयरिश लोक सणाला कोबीबरोबर खारवलेले गोमांस खातात; मूळ देशात त्या जागी डुकराचे मांस असे. न्यूयॉर्कला आलेल्या गरीब आयरिश माणसाला शेजारच्या यहुदी खाटकाकडे जे परवडले ते त्याने शिजवले, आणि नातवंडांनी तेच पूर्वजांचे पक्वान्न मानले.

याला कोणी ढोंग म्हणेल. मला ते ढोंग वाटत नाही. १८४५ ते १८५२ या वर्षांत बटाट्याचे पीक कुजले आणि त्या लहानशा बेटावर दहा लाख माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. तितकीच, किंबहुना अधिक, जहाजात बसून निघून गेली. आपल्याला आयरिश वंशाचे म्हणवणारे अमेरिकन आज तीन कोटींहून अधिक आहेत, आणि सगळ्या आयर्लंड बेटाची वस्ती सत्तर लाखांच्या आसपास. म्हणजे लेकी फार आणि घर लहान. अमेरिकेतल्या आयरिशांना आयर्लंड हा देश नाही, ते माहेर आहे. माहेरवाशिणीला कोणी कामाला हात लावू देत नाही. तिच्यासाठी गोडधोड होते, अंगण सारवले जाते, आणि ती चार दिवस राहून डोळे पुसत परत जाते. छपराला कुठे गळती आहे, सावकाराचे किती द्यायचे आहे, हे भावजयीला माहीत असते. ती ते पाहुणीसमोर बोलत नाही.

फोर्ड हा असाच माहेरवाशिणीच्या पोटचा. जन्म १८९४ सालचा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. आईबाप दोघेही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे भागातून आलेले. घरातले आडनाव फीनी. मॉरिस वॉल्श या आयरिश लेखकाची १९३३ सालची एक लघुकथा त्याने हेरून ठेवली होती. तिचा चित्रपट करायला पैसे मिळेपर्यंत वर्षांमागून वर्षे गेली. शेवटी एका लहान कंपनीने मान्य केले, तेही आधी एक घोडेस्वारांचा चित्रपट करून दे या अटीवर. १९५१च्या उन्हाळ्यात मेयो परगण्यातल्या काँग या खेड्यात तो आपले गोतावळ्याचे बिऱ्हाड घेऊन उतरला. गोतावळा मी उगीच म्हणत नाही. मरणाच्या दारी टेकलेला एक म्हातारा या चित्रपटात आहे. गावात मारामारी लागल्याचे कानावर येताच तो अंथरुणातून उठून पळत सुटतो. ते काम फोर्डच्या थोरल्या भावाने केले आहे.

कथानक साधे आहे. शॉन थॉर्नटन हा पिट्सबर्गच्या पोलादाच्या भट्ट्यांजवळ वाढलेला माणूस इनिसफ्री या आपल्या जन्मगावी परत येतो. तो मुष्टियोद्धा होता. आखाड्यात त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला, तेव्हापासून त्याने पुन्हा हात न उगारण्याचे ठरवले आहे. गावात हे ठाऊक आहे ते एका पाद्र्याला. वाडवडिलांची झोपडी तो विकत घेतो, आणि मेंढ्या हाकणारी तांबड्या केसांची मेरी केट पाहून जागीच खिळतो. जॉन वेन आणि मॉरीन ओ'हारा यांची ती पहिली नजरानजर रंगीत छायाचित्रणाच्या इतिहासात राहील अशी आहे. दिग्दर्शनाप्रमाणेच छायाचित्रणालाही त्या वर्षीचे ऑस्कर मिळाले ते उगीच नव्हे.

मूळ कथेतला नायक लहानखुरा आहे, आणि तो विशीत गाव सोडून गेलेला व पंधरा वर्षांनी परतलेला, म्हणजे अस्सल आयरिशच आहे. फोर्डने दोन बदल केले. नायक सहा फुटांहून उंच केला, हा बाजाराचा भाग. दुसरा बदल मात्र मोलाचा: नायकाने गाव सोडले ते अगदी लहानपणी. त्यामुळे परतला तो अमेरिकन. आईने सांगितलेल्या गोष्टींतून त्याने हे गाव मनात बांधलेले आहे. त्याचे नावही शॉन, म्हणजे आयरिश भाषेतले जॉन, फोर्डचे स्वतःचेच! एका लेखणीफिरवीत ही गोष्ट 'परतलेला मुलगा' सोडून 'माहेरी आलेला पाहुणा' यावर येऊन बसली.

आणि इथे हुंड्याचे प्रकरण निघते. मेरी केट भावाच्या घरी राबते. भाऊ आणि त्याचे गडी जेवायला बसले की ती वाढते. लग्न ठरते, होते. पण भर लग्नघरात भावाला कळते की आपल्याला फसवून होकार घेतला, आणि तो तिचे साडेतीनशे पौंड आणि सामानसुमान द्यायला नकार देतो. शॉन म्हणतो, नकोत आपल्याला त्याचे पैसे, चल घरी. प्रेमळ नवरा आहे, उदार आहे, कमावता आहे. आणि मेरी केट आतून कडी लावून घेते!

आपण मराठी प्रेक्षक इथे घसरण्याचा संभव आहे. हुंडा हा शब्द ऐकताच आपल्या अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. १९६१ साली कायदा होऊनही तो गेला नाही. परंतु इथे मागणारा नवरा नाही. त्याला ते नकोच आहे. मागते आहे ती बायको, आणि मागते आहे ते आईकडून आलेली भांडीकुंडी, टेबलखुर्च्या, साठवलेले स्वतःचे पैसे. आपल्याकडे त्याला हुंडा म्हणत नाहीत, स्त्रीधन म्हणतात. ते हाती आल्याशिवाय ती या घरची मालकीण नाही. भावाच्या घरी होती तशीच इथेही मोलकरीण. शॉनला आयर्लंडचे सगळे आवडते: ओढा, गवत, गाणी, गुत्त्यातले गडी, समुद्रकाठच्या घोड्यांच्या शर्यती. एवढी एकच गोष्ट त्याला मागासलेली आणि क्षुद्र वाटते. नेमकी तीच त्याच्या बायकोच्या जिवाची आहे.

आता ती जुनी गोष्ट सांगते. आमच्या आईच्या लग्नात तिला माहेराहून तांब्याचा हंडा मिळाला होता. कडेला तिच्या वडिलांचे नाव आणि साल कोरलेले. मी सातवीत असताना एका वाईट वर्षी अण्णांनी तो मोडीत घातला. आईला विचारले नव्हते. ती रडली नाही; चार दिवस फक्त बोलली नाही. अण्णा वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "अगं, पाणी भरायचंच ना? स्टीलचा नवा आणून देतो." आणला देखील, चकचकीत. आम्ही भावंडे आपापसांत हसलो, की एका हंड्यासाठी केवढा हा अबोला! तीस-पस्तीस वर्षांनी जॉन वेनच्या तोंडावरचा तो गोंधळलेला भाव पाहताना मला आम्ही हसलो होतो ते आठवले, आणि चित्रपट मध्येच थांबवून मी थोडा वेळ बाहेर जाऊन बसले.

फोर्डचे मोठेपण हे, की त्याने पाहुण्याला फुकट सोडले नाही. शॉनला अखेर भावाच्या दारात जाऊन बायकोचे पैसे मागावे लागतात, सगळ्या गावासमोर. भाऊ नोटा फेकतो. मळणीयंत्राच्या भट्टीचे दार मेरी केट उघडते आणि शॉन त्या आगीत टाकतो. दोघांपैकी कोणी काही बोलत नाही. मग ती मान ताठ ठेवून निघते, रात्रीचे जेवण तयार असेल म्हणून सांगते, आणि मागे ती प्रसिद्ध लांबलचक मारामारी सुरू होते. पैसे नकोच होते तर मागितले कशाला, असे विचारणाऱ्याला हा चित्रपट कळला नाही.

तथापि या प्रसंगाच्या आधीचे दृश्य मला सोसवत नाही. शॉन मेरी केटला स्टेशनावरून गावापर्यंत मैलच्या मैल फरफटत आणतो, गाव हसत मागून येते, आणि एक बाई तिला मारण्यासाठी छडी आणून देते. फोर्डचे भक्त म्हणतात, हा सगळा लुटुपुटीचा तमाशा आहे, नवराबायको दोघेही गावासाठी सोंग वठवताहेत. असेल. शेवटी मेरी केट त्याच्या हातातली छडी फेकून देते, हेही खरे. पण दुसऱ्याच्या गावची रीत म्हणून ज्या गोष्टीला हसायचे, ती आपल्या गल्लीत घडली तर आपण हसू का? मजा लुटायला आलेला पाहुणा हाच प्रश्न विसरतो, आणि इथे फोर्डही पाहुणाच झाला आहे.

याहून मोठी तक्रार वेगळी आहे. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत आयर्लंडमधून सुमारे चार लाख माणसे पोटासाठी देश सोडून गेली. ज्या दशकाच्या तोंडावर फोर्ड हा स्वर्ग रंगवत होता, त्याच दशकात त्या स्वर्गातली तरुण मुले इंग्लंडच्या बोटीत चढत होती. चित्रपटातला काळ थोडा आधीचा आहे हे मान्य. पण गाव सोडणे तेव्हाही नवे नव्हते. इनिसफ्रीत मात्र कोणी गाठोडे बांधताना दिसत नाही. आगगाडी येते ती पाहुण्याला घेऊन.

भावजयीची बाजू पाहायची असेल तर कॉल्म टोबीनची 'ब्रुकलिन' ही २००९ सालची कादंबरी वाचावी. मी ती शब्दकोश उशाशी ठेवून वाचली. २०१५ साली तिचा चित्रपटही झाला. एनिसकॉर्थी गावची आयलिश ही मुलगी १९५०च्या सुमारास न्यूयॉर्कला जाते. तिथे नाताळच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये ती पंगत वाढते. पंगतीला कोण? बोगदे खणण्यात आणि पूल बांधण्यात आयुष्य संपलेले, घरदार नसलेले म्हातारे आयरिश मजूर. त्यांतला एक उठून आपल्या भाषेत गाणे म्हणतो. हिरवी टोपी कोणाच्याच डोक्यावर नाही. तोही सणच आहे, आणि अमेरिकेतला आयरिश सणच आहे. पण फोर्डच्या इनिसफ्रीपेक्षा त्या पंगतीत मला आयर्लंड अधिक भेटले. पुढे बहिणीच्या मृत्यूनंतर आयलिश गावी येते, आणि जिथे तिला साधी नोकरी मिळत नव्हती ते गाव तिला एकाएकी लाघवी वाटू लागते. टोबीन किती शांतपणे सांगतो, की गाव बदललेले नाही. ही आता पाहुणी आहे!

म्हणून फोर्ड खोटा ठरतो काय? मला तसे वाटत नाही. फोर्डने भावजयीचे घर दाखवले नाही, पण माहेराहून काय आणायचे असते हे त्याच्याइतके कोणी दाखवलेले मी पाहिले नाही. भाचीला मी पुढच्या मार्चसाठी हेच लिहिले आहे: टोपी खुशाल घाल, पण त्या नदीकाठी कोणी म्हातारी आयरिश बाई भेटली तर तिला विचार, तिच्या आजीने जहाजातून बरोबर काय आणले होते.

चित्रपट आईलाही दाखवला. तिला इंग्रजी येत नाही. मी शेजारी बसून सांगत गेले. नोटा भट्टीत पडल्या तेव्हा मला वाटले, ही हळहळणार. जन्मभर काटकसर केलेली बाई. ती पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं केलं." आणि थोड्या वेळाने, "पण टेबलखुर्च्या ठेवल्या ना गं तिनं?"