खाबारोव्स्कच्या जबान्या कशा वाचाव्यात?

खाबारोव्स्क खटल्याचा मॉस्कोत 1950 साली छापलेला इंग्रजी ग्रंथ मी प्रथम हाती घेतला, तो निम्म्यावरच मिटून ठेवला. प्रत्येक आरोपी गुन्हा कबूल करतो, बचावाचे वकीलही जपानी साम्राज्यवादाकडे बोट दाखवतात, आणि सेनापतीपासून प्रयोगशाळेतल्या मदतनिसापर्यंत सगळे एकाच सरकारी भाषेत बोलतात. हा निव्वळ प्रचार, असे मी एका व्याख्यानात ठासून सांगितलेही. ते माझे चुकले.

ऑगस्ट 1945 मध्ये सोव्हिएत फौजा मांचुरियात शिरल्या, तेव्हा हार्बिनजवळच्या 731 क्रमांकाच्या जंतुयुद्ध पथकाचा संस्थापक इशी शिरो जपानला निसटला. हाती लागले ते मागे उरलेले. डिसेंबर 1949 मध्ये बाराजणांवर खटला चालला. सेनापती यामादा ओतोझोला 25 वर्षांची शिक्षा झाली, शिकाऊ वैद्यकीय मदतनीस किकुची नोरिमित्सुला 2 वर्षांची.

मला अडवले ते मात्र एका साक्षीदाराने. फुरुइची योशिओ हा त्याच पथकातला वैद्यकीय कर्मचारी. तो सांगतो, की 1943 च्या अखेरीस आपण एक लिटर गोड पाण्यात विषमज्वराचे जंतू मिसळले. मग ते साध्या पाण्यात पातळ करून सुमारे 50 चिनी कैद्यांना दिले. त्यांतल्या काहींनाच आधी लस टोचलेली होती. इथे साम्राज्यवाद वगैरे काही नाही. कामावरचा माणूस कामाचे माप सांगतो आहे. पाणी किती ते त्याला नेमके आठवते. माणसे कोण होती, तर बहुधा युद्धकैदी.

सगळ्यांची भाषा एकसारखी म्हणून जबानी खोटी, हा माझा तर्कच कच्चा होता. बोलणे जपानीत, नोंद रशियनमध्ये आणि आपण वाचतो इंग्रजीत. वाटेत प्रत्येकाचा आवाज पुसला जाणारच. पडताळा घ्यायचा तो बाहेरून. जानेवारी 1947 मध्ये रशियनांनी कावाशिमा कियोशी आणि कारासावा तोमियो या कैदेतल्या लष्करी डॉक्टरांच्या जबान्यांचा हवाला देऊन इशीच्या चौकशीची परवानगी अमेरिकनांकडे मागितली. त्यामुळेच अमेरिकनांना पुन्हा चौकशी करावी लागली. आधीच्या दोन चौकशांत माणसांवरचे प्रयोग नाकारणाऱ्या मंडळींनी ते आता नॉर्बर्ट फेल या शास्त्रज्ञापुढे मान्य केले. म्हणजे खटल्याच्या सुमारे अडीच वर्षे आधी, रशियाच्या विरोधी गोटातच, या जबान्यांना दुजोरा मिळाला होता. तरीही खटल्यानंतर पाश्चात्त्यांनी ग्रंथाला प्रचार ठरवले, आणि मीही त्यांचीच री ओढली.

अमेरिकन कागद अधिक प्रामाणिक आहेत, असे मात्र कोणी समजू नये. डिसेंबर 1947 च्या अहवालात एडविन हिल ही माहिती अडीच लाख येनमध्ये पदरात पडली, असा हिशेब मांडतो आणि सौदा स्वस्त ठरवतो. माहिती देणाऱ्यांवर खटला भरला गेला नाही. रशियनांना कबुली हवी होती, अमेरिकनांना आकडे. पिंगफानच्या तुरुंगात कैद्यांना नावाऐवजी क्रमांक होते. कावाशिमाच्या जबानीप्रमाणे 1940 ते 1945 या काळात तिथे किमान 3,000 माणसे मेली. फुरुइचीच्या जबानीत त्या 50 जणांपैकी एकाचेही नाव नाही.

व्याख्यानाच्या टिपणातले ते वाक्य मी खोडले आहे. बचावाच्या वकिलांबद्दलचे माझे मत मात्र अजून तेच आहे.