'शिक्षण हा व्यापार नव्हे' : एका न्यायवचनाची चिकित्सा

काही वचने अशी असतात की, ज्याच्या रक्षणासाठी ती प्रथम उच्चारली गेली, त्याच्याच विरुद्ध ती कालांतराने वापरली जातात. 'शिक्षण हा व्यापार नव्हे' हे आपल्या न्यायालयांचे वचन ह्या जातीचे आहे. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांच्या चालकांनी विद्यार्थ्यांकडून मनमानी रकमा उकळू नयेत म्हणून ते उच्चारले गेले. पुढे ह्याच वचनाचा आधार घेऊन ते चालक ग्राहक आयोगापुढे असा प्रतिवाद करू लागले की, आम्ही व्यापारी नसल्यामुळे हा विद्यार्थी आमचा ग्राहक नव्हे आणि म्हणून त्याची तक्रार येथे चालू शकत नाही. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यानंतर विद्यार्थ्याच्या पदरात कोणते हक्क उरतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. 'नफ्यासाठी चालविलेले महाविद्यालय' असा वर्ग आपल्या कायद्याला साधारणतः मान्य नाही. महाविद्यालय चालविणारी संस्था ही विश्वस्त संस्था असते, नोंदणीकृत सोसायटी असते, अथवा नफा न वाटणारी कंपनी असते. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण आले, आणि त्यापाठोपाठ 'देणगी' ह्या शब्दाला जो नवा अर्थ प्राप्त झाला तो सर्वांना ठाऊक आहे. राज्याला १९८७ साली देणगीशुल्काविरुद्ध स्वतंत्र अधिनियम करावा लागला. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत रूढ झाला, तोही ह्याच काळातील अनुभवातून. कायद्याच्या भाषेत धर्मादाय आणि लोकांच्या भाषेत सम्राट, असे हे द्वैत आहे. आपल्या प्रश्नाचे मूळ ह्या द्वैतातच आहे.

न्यायवचनाचा पूर्वेतिहास असा. मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या १९९२ च्या निर्णयात एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्काचा प्रश्न होता. सरकारी जागेसाठी वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांसाठी २५,००० आणि परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी ६०,००० पर्यंत अशी शुल्काची उतरंड शासनाच्या अधिसूचनेनेच ठरविलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने हे देणगीशुल्कच असल्याचे ठरवून ते घटनाबाह्य मानले. पुढल्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने मोफत जागा व सशुल्क जागा ह्यांची योजना घालून दिली आणि शिक्षण हा व्यापार अथवा धंदा होऊ शकत नाही, ह्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना मोडीत काढली. शिक्षणसंस्था चालविणे हा घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाखालील 'व्यवसाय' आहे आणि विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवण्यास हरकत नाही, असे ह्या पीठाने म्हटले. मात्र नफेखोरी व देणगीशुल्क ही निषिद्धच राहिली. २००५ च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या सात न्यायाधीशांच्या निर्णयानेही हा निषेध कायम ठेवला.

ह्या सर्व निर्णयांत आपले वचन कोणत्या अर्थाने येते? व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते विध्यर्थी आहे. 'शिक्षण हा व्यापार नसावा' असे न्यायालय संस्थाचालकांना बजावीत आहे. व्यापार होत नाही असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही. तसे असते तर देणगीशुल्कास मनाई करण्याचे कारणच उरले नसते. जे घडत नाही त्यास कोणी मनाई करीत नाही.

आता ग्राहक न्यायालयांकडे वळू. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने 'सेवा' ह्या शब्दाची व्याख्या व्यापक केली होती. बिहार विद्यालय परीक्षा मंडळाच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, परीक्षा घेणे हे मंडळाचे वैधानिक कर्तव्य असल्यामुळे परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे. २०१० साली महर्षी दयानंद विद्यापीठ विरुद्ध सुरजीत कौर ह्या खटल्यात, नियमाविरुद्ध एकाच वेळी दोन अभ्यासक्रम केल्यामुळे पदवी नाकारलेल्या विद्यार्थिनीस ग्राहक म्हणून दाद मागता येणार नाही, असा निर्णय झाला. हे दोन्ही निर्णय आपापल्या मर्यादेत समर्थनीय आहेत. उत्तरपत्रिकेस किती गुण द्यावेत आणि पदवीस कोण पात्र आहे, हे विद्याविषयक निर्णय होत. विकत घेतलेल्या मालाचा दर्जा तपासणाऱ्या यंत्रणेकडे ते सोपविणे इष्ट नव्हे.

परंतु २०१२ मध्ये पी. टी. कोशी विरुद्ध एलेन चॅरिटेबल ट्रस्ट ह्या खटल्यातील संक्षिप्त आदेशाने ही मर्यादा ओलांडली. शिक्षण ही क्रयवस्तू नव्हे, शिक्षणसंस्था कोणत्याही प्रकारची सेवा पुरवीत नाहीत आणि म्हणून प्रवेश, शुल्क इत्यादी बाबतींत सेवेतील त्रुटीचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्यात म्हटले आहे. परीक्षा मंडळासंबंधी जे तत्त्व होते ते येथे शुल्क घेणाऱ्या खाजगी संस्थेस लावले गेले. परीक्षा घेणे आणि पैसे घेणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत, हा भेद येथे पुसला गेला. विध्यर्थी वचन येथे विधान झाले: 'नसावा' च्या जागी 'नव्हे' आले, आणि चालकांवर घातलेले बंधन त्यांचेच कवच बनले.

ह्या मताविरुद्धचे निर्णयही त्याच न्यायालयाचे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे गोंधळाची खोली कळते. २००९ सालीच बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेज विरुद्ध भूपेश खुराना ह्या खटल्यात, विद्यापीठाशी संलग्नता व दंतवैद्यक परिषदेची मान्यता नसताना ती असल्याची जाहिरात करून प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयास न्यायालयाने सेवेतील त्रुटीबद्दल जबाबदार धरले होते आणि विद्यार्थ्यांना ग्राहक मानले होते. २०१५ च्या पी. श्रीनिवासुलू खटल्यात ह्याच मताचा अनुवाद झाला. २०१७ च्या अनुपमा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या खटल्यात मात्र न्यायालय पुन्हा कोशीच्या मताकडे वळले. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने मनू सोळंकी विरुद्ध विनायक मिशन विद्यापीठ ह्या खटल्यात, खाजगी शिकवणी वर्ग वगळता सर्व शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, परस्परविरोधी मतांची दखल घेऊन, सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील अपील विचारार्थ दाखल करून घेतले. शिकवणी वर्गाने फसविले तर ग्राहक आणि महाविद्यालयाने फसविले तर केवळ विद्यार्थी, असा हा विलक्षण भेद आहे.

येथे कोणी म्हणेल की, गुरुशिष्यसंबंधास बाजाराची भाषा लावणे हेच अशोभनीय आहे. ह्या भावनेचा आदर करूनही तिचे उत्तर दिले पाहिजे. वैद्यकाचा पेशा अध्यापनापेक्षा कमी पवित्र नाही. तरीही १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता ह्या निर्णयाने शुल्क घेणारे डॉक्टर व रुग्णालये ग्राहक कायद्याखाली आणली. २०२४ साली वकिलांना ह्या कायद्यातून वगळताना सर्वोच्च न्यायालयाने पेशा आणि व्यापार ह्यांत अंतर असल्याचे सांगितले व शांता निर्णयाचा पुनर्विचार व्हावा असे सुचविले, हे खरे. परंतु तो युक्तिवाद व्यक्तीच्या व्यावसायिक कौशल्याविषयी आहे. वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे कौशल्य येथे तपासावयाचे नाही. खोटी माहितीपुस्तिका छापणाऱ्या संस्थेचा व्यवहार तपासावयाचा आहे. आणि शासन स्वतः ह्या व्यवहाराकडे डोळेझाक करीत नाही. २०२२ च्या न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या निर्णयात, आयकरातून सूट हवी असेल तर शिक्षण हाच संस्थेचा एकमेव हेतू असला पाहिजे, नफ्याचा हेतू चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. म्हणजे कर वसूल करावयाचा असता संस्थेच्या हिशेबाच्या वह्या उघडता येतात. विद्यार्थ्याचे शुल्क परत करावयाचे असता मात्र संस्था धर्मादाय असल्याचे गृहीत धरले जाते.

ज्या देशाने शिक्षणातील व्यापारी त्याच्या नावानिशी मान्य केला आहे, तेथील अनुभव तुलनेसाठी पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांचा स्वतंत्र वर्ग आहे. महाविद्यालयाने दिशाभूल केली असेल तर संघीय शैक्षणिक कर्जाच्या परतफेडीविरुद्ध तो बचाव कर्जदारास घेता येतो, अशी तरतूद गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तेथे आहे. पदवीधरांना नोकऱ्या मिळाल्याचे फुगविलेले आकडे जाहीर करणारी कोरिंथियन महाविद्यालये २०१५ साली बंद पडली. २०२२ साली तेथील शिक्षण विभागाने त्यांच्या सुमारे ५,६०,००० कर्जदारांचे एकूण ५.८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले. न्याय सात वर्षांनी मिळाला आणि त्याचा भार बुडालेल्या संस्थेऐवजी मुख्यतः सरकारी तिजोरीवर पडला, हे ह्या पद्धतीतील वैगुण्य दृष्टीआड करता येत नाही. तथापि, व्यापाऱ्यास व्यापारी म्हटल्यामुळे 'तुम्ही ग्राहकच नव्हे' हा प्रतिवाद तेथे मुळातच संभवला नाही, एवढा बोध त्यातून घेता येईल.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या हाती काय उरते? पहिली गोष्ट म्हणजे नियामक संस्थांचे आदेश. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली घालून दिलेल्या नियमांनुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपूर्वी किमान १५ दिवस प्रवेश सोडल्यास किरकोळ वजावट करून संपूर्ण शुल्क, त्यानंतर परंतु अंतिम तारखेपूर्वी सोडल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के शुल्क परत केले पाहिजे. मूळ प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत द्यावयाची असतात. ती अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेस नाही. प्रत्यक्षात हीच प्रमाणपत्रे सावकाराकडील गहाणखताप्रमाणे वापरली जातात, आणि त्यांच्यावाचून दुसरीकडे प्रवेश घेता येत नसल्यामुळे विद्यार्थी आपला शुल्कावरील हक्क सोडून देतो. महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाखालील शुल्क नियामक प्राधिकरण हे व्यावसायिक महाविद्यालयांच्या शुल्काची वाजवी मर्यादा ठरविते. तेथेही नफेखोरीविरुद्ध दाद मागता येते.

दुसरा मार्ग आयोगाच्या २०२३ च्या विनियमांतील तक्रार निवारण समिती व लोकपाल ह्यांचा. ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. परंतु समितीवर संस्थेतीलच अध्यापक असतात आणि लोकपालाची नियुक्ती विद्यापीठ करते. जेथे विद्यापीठ स्वतःच खाजगी असून वादातील प्रतिपक्ष असते, तेथे एका पक्षाने नेमलेल्या न्यायकर्त्यापुढे दुसऱ्या पक्षास उभे राहावे लागते.

तिसरा मार्ग उच्च न्यायालयाचा. खाजगी विश्वस्त संस्थाही सार्वजनिक कर्तव्य बजावीत असेल तर तिच्याविरुद्ध प्राधिलेख निघू शकतो, हे अनादि मुक्त सद्गुरू ट्रस्टच्या १९८९ च्या निर्णयाने स्पष्ट केले आहे. परंतु वस्तुस्थितीविषयी वाद असल्यास उच्च न्यायालय सहसा त्यात शिरत नाही. आणि फसवणुकीच्या वादात वस्तुस्थितीच वादग्रस्त असते. चौथा मार्ग दिवाणी दाव्याचा. १८७२ च्या करार अधिनियमानुसार कपटाने अथवा दिशाभूल करून मिळविलेली संमती विद्यार्थ्यास नाकारता येते, आणि कराराचा भंग झाला तरी वाजवी भरपाईपलीकडे रक्कम जप्त करता येत नाही. मात्र इस्लामिक अकादमी खटल्यात २००३ साली न्यायालयाने, एका वर्षापेक्षा अधिक शुल्क आगाऊ घेण्यास मनाई करतानाच, मध्येच शिक्षण सोडणाऱ्याकडून उरलेल्या शुल्काचे बंधपत्र घेण्याची मुभा संस्थांना दिली होती, हेही विसरता कामा नये. शिवाय दिवाणी दाव्यास लागणारी वर्षे अभ्यासक्रमाच्या वर्षांहून अधिक असतात.

ह्या चारही मार्गांशी ग्राहक आयोगाच्या मार्गाची तुलना केली म्हणजे हरवलेल्या हक्काचे मोल कळते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे तक्रारदारास आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. वकिलाची सक्ती नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर तक्रार शुल्क नाही. आणि एकतर्फी, अन्याय्य करार रद्दही करून घेता येतो. नांदेडच्या शेतकऱ्याने शेत गहाण टाकून पुण्याच्या महाविद्यालयात मुलीचे शुल्क भरले असेल, तर त्याला नांदेडातच दाद मागता येणे ही केवळ सोयीची बाब नव्हे. त्याच्यापुरते ते न्याय असणे व नसणे ह्यांतील अंतर आहे.

म्हणून आमचे प्रतिपादन असे की, न्यायालयाने वादांची विभागणी त्यांच्या स्वरूपावरून करावी. गुण, उत्तीर्णता, पदवीची पात्रता, अभ्यासक्रम हे विद्याविषयक प्रश्न ग्राहक कायद्याच्या बाहेर राहोत. परंतु मान्यता व संलग्नता ह्यांविषयीचे कथन, शुल्काची आकारणी व परतफेड, प्रमाणपत्रांचा ताबा, वसतिगृहासारख्या सोयी, हे व्यवहाराचे प्रश्न आहेत. त्यांत विद्यार्थी हा मोबदला देऊन सेवा घेणारा आहे आणि त्यास ग्राहकाचे सर्व हक्क असले पाहिजेत. ही विभागणी नवीनही नव्हे. बिहार मंडळाचा निर्णय आणि बुद्धिस्ट मिशनचा निर्णय हे एकाच वर्षीचे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचले, तर ती त्यांत स्पष्ट दिसते.

'शिक्षण हा व्यापार नव्हे' ह्या वचनाचा त्याग करावा, असे आम्ही म्हणत नाही. ते ज्याला उद्देशून उच्चारले होते त्यालाच ते पुन्हा ऐकवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्या संस्थेने व्यापार केला तिने 'मी व्यापारी नव्हे' असे म्हणून सुटावे आणि ज्याने पैसे मोजले त्या विद्यार्थ्याने 'मी ग्राहक नव्हे' असे ऐकून परतावे, हा त्या वचनाचा अर्थ खचित नव्हता.