डोळ्यांची साक्ष : एका कलाविद्यार्थिनीच्या वह्यांच्या निमित्ताने

आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येने चित्रकलेचे शिक्षण घेत असताना भरलेल्या तीन वह्या आम्हांस वाचावयास मिळाल्या. 'वाचावयास' हा शब्द आम्ही जाणून योजला आहे. कारण उजव्या पानावर रेखाटन आणि डाव्या पानावर त्या दिवशी काय साधले व काय फसले याची चार-सहा ओळींची नोंद, असा या वह्यांचा क्रम आहे. पहिली वही देवळाच्या आवारात, दुसरी बाजारात आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर, व तिसरी महाविद्यालयाच्या 'लाइफ क्लास'मध्ये, म्हणजे जिवंत मनुष्याकृती समोर बसवून, भरलेली आहे. पहिल्या दोन वह्यांतील निवडक चित्रे उत्सवाच्या दिवसांत अग्रशाळेत मांडावीत अशी सूचना निघाली, तेव्हा काही वडीलधाऱ्या महाजनांनी तिसऱ्या वहीकडे बोट दाखवून आक्षेप घेतला आणि सूचना बारगळली. मुलीने आपले नाव छापू नये असे कळविले आहे, ते योग्यच आहे. वह्यांचे परीक्षण करावे आणि आक्षेपाचाही शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिल्या वहीची आरंभीची पाने सामान्य आहेत, हे प्रथमच सांगून टाकतो. दीपस्तंभ आहे, तुळशीवृंदावन आहे, तळीच्या पायऱ्या आहेत. पण हे सारे कोणत्याही दिनदर्शिकेवरून उतरविता आले असते. माणसे एकाच साच्यातून काढलेली. डोळा म्हणजे बदामाचा आकार, हात म्हणजे पाच बोटांचा पंजा. पुढे एका पानावर आरती करणाऱ्या भटजींचा उजवा हात आहे आणि त्याच्यासमोरची नोंद मात्र आम्हांस थांबवून गेली. घरी आल्यावर मुलीच्या लक्षात आले की, आपण पाचही बोटे काढली आहेत. प्रत्यक्षात आपण उभ्या होतो तेथून दोन बोटे व अंगठा एवढेच दिसत होते. उरलेली दोन बोटे आपल्याला ठाऊक होती म्हणून काढली, पाहिली म्हणून नव्हे, असा तिने निष्कर्ष नोंदविला आहे. या वह्यांचा खरा आरंभ येथून होतो.

आमच्या वकिली व्यवसायात हा भेद रोजचा आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ज्याने पाहिले त्यानेच 'मी पाहिले' असे सांगितले पाहिजे, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. प्रामाणिक साक्षीदारही पाहिलेल्यात ऐकलेले व गृहीत धरलेले नकळत मिसळतो. उलटतपासणीत ते वेगळे काढावे लागते. समोर पाहून रेखाटन करणे ही डोळ्याची अशीच उलटतपासणी होय. कागदावरची रेघ विचारते, 'हे तू पाहिलेस काय?' आणि उत्तर देता आले नाही तर रेघ पुसावी लागते.

त्यानंतरच्या पानांत प्रगती स्पष्ट दिसते. अबोलीच्या फाती गुंफणाऱ्या बायांचे हात, पखवाजावर वाकलेली पाठ, सभामंडपाच्या खांबाला टेकून झोपी गेलेला म्हातारा, असे विषय येतात. पालखी खांद्यावर घेतलेल्या भोयांची चित्रे तर अठरा आहेत. पहिल्या चित्रांत पालखी हवेत तरंगते, खालची माणसे नुसती चालत आहेत. अकराव्या-बाराव्या चित्रापासून दांड्याखालचा खांदा दबतो, मान दुसऱ्या बाजूस झुकते, मोकळा हात तोल सांभाळण्यासाठी बाहेर येतो, आणि पालखीला वजन येते. मुलीने पालखीवर एकही रेघ वाढविलेली नाही. वजन पालखीत काढता येत नाही, ते वाहणाऱ्याच्या अंगात काढावे लागते, ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. अठरा वेळा पाहून ती तिला कळली. देवाच्या पालखीचे हे एक दर्शनच आहे असे आम्हांस वाटते.

तिसऱ्या वहीकडे वळण्यापूर्वी 'लाइफ क्लास' म्हणजे काय, हे वाचकांस सांगणे अवश्य आहे. कारण आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. आरंभी मॉडेल अर्धा मिनिट, एक मिनिट, दोन मिनिटे अशा झटपट मुद्रा देते. एवढ्या वेळात नाकडोळे काढणे शक्यच नसते. शरीराचा झोक, भार कोणत्या पायावर आहे आणि कणा कोणीकडे वळला आहे, एवढेच पकडावयाचे. मग दीर्घ मुद्रा येते. विद्यार्थी हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने मापे घेतात; डोक्याची लांबी हे एकक धरून धड व पाय किती पट आहेत हे पाहतात; मानेच्या खळीतून मनाने ओळंबा सोडून तो कोणत्या टाचेवर पडतो हे तपासतात. भार एका पायावर आला की त्या बाजूचे कंबरेचे हाड वर येते आणि खांद्यांची रेषा उलट बाजूस कलते. मुलीने या नोंदीपुढे एकच शब्द लिहिला आहे : 'त्रिभंग'. आपल्या मंदिरांतील मुरलीधर ज्या बाकाने उभा असतो, तो बाक पाश्चात्त्य पद्धतीच्या वर्गात तिला प्रथम उमगला, ही गोष्ट आमच्या दृष्टीने या वह्यांतील सर्वांत मोलाची आहे.

या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली तेथे विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या आत्मवृत्ताचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे नाव त्यावरूनच पडले. पौराणिक चित्रे काढणारा हाच चित्रकार मुंबईच्या रस्त्यावरील भिस्ती, भाजीवाली, पारशी गृहस्थ, हमाल यांची अगणित रेखाटने करीत असे. त्यांच्या पौराणिक चित्रांतील गर्दी जिवंत वाटते याचे कारण त्या गर्दीतील प्रत्येक जण त्यांनी आधी रस्त्यावर पाहिलेला असे. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी विद्यालयाची सूत्रे घेतल्यावर जिवंत मॉडेलवरून काम करण्याच्या शिक्षणास जोर आला. धुरंधरांच्या कन्या अंबिका धुरंधर याच विद्यालयातून पदविका घेऊन चित्रकार झाल्या. तेव्हा सुसंस्कृत कुटुंबातील मुलीने हे शिक्षण घ्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर एका वडिलांनी सुमारे शतकापूर्वीच देऊन ठेवले आहे.

गोव्याचाही यात वाटा आहे. सांग्यात १८७० साली जन्मलेले आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद त्याच विद्यालयात शिकले आणि तेथे शिक्षकही झाले. त्यांनी काढलेली घरच्या माणसांची चित्रे पाहिली म्हणजे परिचित चेहरा पुन्हापुन्हा पाहण्यात किती खोली असते हे कळते. लोटलीचे मारियो मिरांदा यांच्या तरुणपणच्या सचित्र रोजनिश्या आता प्रसिद्ध आहेत. त्यांनी कलाविद्यालयातील रीतसर अभ्यासक्रम पुरा केला नव्हता. परंतु रोज पाहिलेले रोज काढावयाचे हा नेम त्यांनी सोडला नाही. आमच्या विद्यार्थिनीने या दोघांना शेजारी ठेवून पाहावे : एकाकडून सावकाशी शिकावी, दुसऱ्याकडून नेम.

आता दोष. दुसरी वही आम्हांस सर्वांत दुबळी वाटली. मासळी विकणारी बाई, नारळ सोलणारा म्हातारा, खांद्यावर जाळे घेतलेला रापणकार ही सारी मंडळी जणू पर्यटकांसाठी उभी केल्यासारखी दिसतात. मुलीने यांतील काही चित्रे मोबाइलवर फोटो घेऊन घरी बसून काढली, हे तिनेच नोंदविले आहे. नोंद नसती तरी ते कळले असते. जवळून घेतलेल्या फोटोत पुढे आलेला हात प्रमाणाबाहेर मोठा होतो, सावल्या सपाट काळ्या पडतात, आणि दोन डोळ्यांनी पाहणाऱ्याला जी खोली जाणवते ती जाते. फोटोने हालचाल थांबविलेली असते, म्हणून काय घ्यावे व काय सोडावे हा निर्णयच चित्रकाराला करावा लागत नाही. शिवाय चेहरे गोड करण्याची खोड तिन्ही वह्यांत आहे, आणि तिसऱ्या वहीत पावले जेथे अवघड झाली तेथे कागद संपविण्याची पळवाट तिने वारंवार काढली आहे. पाऊल हे शरीराचे जोते आहे. ते टाळून उभी केलेली आकृती टिकत नाही.

आक्षेपांकडे येऊ. पहिला शास्त्राचा. शुक्रनीतीत देवाची प्रतिमा ओबडधोबड असली तरी कल्याणकारी आणि मर्त्य माणसाची सुरेख असली तरी नव्हे, असा विचार आहे. मूर्ती ध्यानाने घडवावी, प्रत्यक्ष पाहून नव्हे, असेही सांगितले आहे. परंतु कोणतेही वचन त्याच्या प्रकरणासह वाचले पाहिजे. ते प्रकरण पूज्य प्रतिमेचे आहे. तिला तालमान आहे, प्रतिष्ठा आहे, विधी आहे. आमच्या विद्यार्थिनीने पूजेसाठी काहीही घडविलेले नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र हे चित्रकाराचे प्रकरण होय, आणि तेथे शरीराच्या नऊ स्थितींचे व वळलेल्या अंगाच्या क्षयवृद्धीचे विवेचन आहे. लाटा, ज्वाळा, धूर, पताका यांची वाऱ्याबरोबरची गती ज्याला दाखविता येते, आणि झोपलेला माणूस व मेलेला माणूस यांतील फरक ज्याला दाखविता येतो, तोच चित्र जाणणारा, असा तेथील अभिप्राय आहे. हा फरक ध्यानाने कळणार नाही. सभामंडपातील झोपी गेलेल्या म्हाताऱ्याचे चित्र आम्ही या कसोटीला लावून पाहिले. तो झोपलेलाच आहे, त्याचा श्वास चालू आहे.

दुसरा आक्षेप सभ्यतेचा. येथे कायदा काय म्हणतो हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ ने अश्लील चित्रांस बंदी केली, परंतु कला व विद्या यांच्या हितासाठी असलेल्या कृती, तसेच मंदिरातील व देवाच्या रथावरील शिल्पे व चित्रे, यांना अपवाद केला. आज अंमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही ते अपवाद आहेत. अकबर पदमसी यांच्यावर १९५४ साली मुंबईत खटला झाला आणि ते निर्दोष ठरले. सासष्टीच्या नव्हे, बार्देशातील साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांची व पदमसींची काही चित्रे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अश्लील ठरवून अडविली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला आणि नग्नता व अश्लीलता यांची सांगड घालण्याची वृत्ती अमान्य केली. त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र गोव्यावरही आहे. अर्थात जे कायदेशीर ते सारे अग्रशाळेत मांडावे, असे आमचे म्हणणे नाही. देवस्थानाला आपल्या जागेची मर्यादा ठरविण्याचा अधिकार आहे, आणि तिसरी वही तेथे मांडण्याची सूचनाही कोणी केली नव्हती. परंतु तिसऱ्या वहीसाठी पहिल्या वहीस शिक्षा देणे न्यायाचे नाही. विशेषतः तिसरीतील अभ्यासावाचून पहिलीतील पालखी पेलली गेली नसती तेव्हा.

तिसरा आक्षेप कोणीच घेतला नाही, आणि आमच्या मते विचार करण्यासारखा तोच आहे : समोर बसणाऱ्या व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा. चित्राखाली चित्रकाराचे नाव येते, मॉडेलचे येत नाही. २०१७ साली गोव्यात भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट वगळला गेला, तेव्हा चर्चा झाली ती नावाची. कलाविद्यालयात मॉडेल म्हणून काम करून मुलाला शिकविणाऱ्या आईची कथा २०१८ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाल्यावर लोकांनी पाहिली. आमच्या विद्यार्थिनीच्या वहीत या बाबतीत एक चांगली नोंद आहे. पाऊण तास एकाच मुद्रेत बसलेल्या बाईंच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, त्यांनी बोटे किंचित हलविली, आणि चिडण्याऐवजी मुलीने ती हललेली बोटेच काढली. पुढच्या दिवशी तिने स्वतः तेवढा वेळ स्तब्ध बसून पाहिले व बावीस मिनिटांत उठली. समोरच्या व्यक्तीचे कष्ट ज्याला कळले त्याच्या हातून तिचा उपमर्द होत नाही.

महाजनांस आमची विनंती आहे की, पालखीची अठराही चित्रे क्रमाने, फसलेल्यांसह, अग्रशाळेत लावावीत. आपण सारे ती पालखी लहानपणापासून पाहत आलो आहोत. चित्रे पाहून झाल्यावर भोयांच्या खांद्यांकडे पुन्हा एकदा पाहिले जाईल, एवढे झाले तरी पुष्कळ. आणि त्या मुलीने, कृपा करून, पावले काढण्याचा सराव करावा.