भुताची साक्ष

भूत आहे की नाही, या वादात आम्ही येथे पडत नाही. ज्यांना तो वाद प्रिय आहे त्यांनी तो खुशाल चालू ठेवावा. आम्हांला विचार करावयाचा आहे तो भुताच्या गोष्टीचा. ओसाड वाडा, पडकी विहीर, शिवेवरचा वड, टेकडीवरचे प्रार्थनास्थळ यांच्याभोवती जी आख्यायिका गुंफली जाते, ती लोकांनी रचलेली एक वाङ्मयकृतीच असते; आणि वाङ्मयकृती म्हटली की तिचे परीक्षण ओघानेच आले. तिला ज्ञात कर्ता नाही, एवढ्यावरून ती परीक्षणातून सुटत नाही. उलट, जी गोष्ट एखाद्या वास्तूवर, व्यक्तीवर किंवा समाजाच्या श्रद्धास्थानावर रक्ताचा डाग ठेवते, तिची तपासणी अधिक कसून व्हावयास हवी.

प्रथम आपल्या भाषेतील सर्वांत प्रसिद्ध अशी आख्यायिका घेऊ. पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. पेशव्यांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. पौर्णिमेच्या रात्री त्या वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी आरोळी ऐकू येते, असे लोक सांगतात. कोणी अमावास्या म्हणतात. कथा म्हणून हिची बांधणी अजोड आहे. अवघे तीन शब्द. त्यांत वर्णन नाही, शाप नाही, सूडाची भाषा नाही. ज्या काकांना हाक मारली त्या रघुनाथरावांवरच खुनाचा आरोप आहे, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते आणि हाक मारणाऱ्यास ठाऊक नसते. कथेचे सारे बळ या एका अंतरात आहे.

कायद्याच्या अभ्यासकाला येथे मृत्युपूर्व जबानीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ३२ व्या कलमाने अशा जबानीला ग्राह्य मानले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती तरतूद २६ व्या कलमात आली आहे. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस सहसा खोटे बोलत नाही, हा तिच्यामागील विचार. परंतु शनिवारवाड्याची ही जबानी मोठी विलक्षण आहे. ती कोणावरही आरोप करीत नाही. आरोप करतो तो श्रोता. आणि अडीचशे वर्षे तो करीत आला आहे.

असे का व्हावे? आमच्या मते त्याचे उत्तर इतिहासातच आहे. या खुनाची चौकशी रामशास्त्री प्रभुणे यांनी केली आणि रघुनाथरावांस दोषी धरले. मारेकऱ्यांपैकी काहींना पुढे देहान्त शासन झाले. खुद्द रघुनाथराव मात्र काही काळ पेशवेपदावर बसले, १७७५ साली त्यांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांना नेमणूक मिळाली आणि १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावी ते निवर्तले. म्हणजे निवाडा झाला, पण बजावणी झाली नाही. न्यायालयात हुकूमनामा मिळूनही तो अमलात येत नाही, तेव्हा पक्षकार दरखास्त दाखल करतो. दर पौर्णिमेची ती आरोळी म्हणजे लोकांनी नारायणरावांच्या वतीने पुनःपुन्हा दाखल केलेली दरखास्तच होय. १८२८ च्या आगीने वाड्याच्या आतील इमारती गेल्या. तट, बुरूज, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. त्या रिकाम्या पटांगणात आरोळी घुमावयास जागाही भरपूर झाली.

तथापि गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. नारायणरावांना वाचविण्यासाठी चापाजी टिळेकर या सेवकाने आपला देह आड घातला आणि तोही तेथेच कापला गेला. वाड्यातील आणखी सेवक व दासीही त्या दिवशी मारल्या गेल्या. त्यांची आरोळी कोणत्याही पौर्णिमेस ऐकू येत नाही. लोककथेच्या दरबारातही फिर्याद गुदरावयास मानमरातब लागतो, असे खेदाने म्हणावे लागते. दुसरा दोष याहून गंभीर आहे. आनंदीबाईंनी पत्रातील ‘ध’चा ‘मा’ केला, म्हणजे ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही जोडकथा घरोघर सांगितली जाते. तो अस्सल कागद कोणी पुढे आणलेला नाही. ज्या पुरुषाला शिक्षा देता आली नाही त्याचा अपराध एका स्त्रीच्या लेखणीवर ढकलून देणे सोयीचे होते. म्हणून ही गोष्ट टिकली, असा आमचा तर्क आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने (१९४४) न्यायाधीशाला मध्यभागी आणले, हा म्हणूनच मोठा उपकार होय. आज वाडा पाहण्यास येणारे ‘आवाज किती वाजता येतो’ असे विचारतात; निवाडा काय झाला होता, हे क्वचितच कोणी विचारतो. फिर्याद गळून पडली आणि थरार तेवढा उरला, की कथेचा प्राणच गेला असे समजावे.

आता कोकण-गोव्याकडे वळू. येथील वेताळ आणि देवचार फिर्यादी नव्हेत, ते अधिकारी आहेत. देवचार गावाची शीव राखतो. काठी घेऊन रात्री फेरी मारतो. वाट चुकलेल्यास घरी पोचवितो आणि मर्यादा मोडणाऱ्यास दरडावतो. म्हणूनच त्याला राखणदार म्हणतात. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्रीच्या फेरीत त्या चपला झिजतात, ही श्रद्धा. पैंगीण, लोलये, आमोणे येथेही वेताळ हा गावाने पूजिलेला देव आहे. भयाला कर्तव्य जोडून दिल्याबरोबर त्याचे दैवत कसे होते, हे या कथांवरून शिकावे. अंधारात एकट्याने चालणाऱ्याला त्या धाकही देतात आणि आधारही देतात.

या दोन्ही प्रकारांच्या उलट एक तिसरा प्रकार अलीकडे फोफावला आहे. मुरगाव तालुक्यात कुएलीच्या टेकडीवर तीन राजांचे कपेल आहे. तीन पोर्तुगीज राजे राज्यासाठी भांडत होते, एकाने इतर दोघांना मेजवानीत विष घातले, मग स्वतःही विष घेतले आणि आता तिघेही तेथे भटकतात, अशी गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते. गोव्यावर पोर्तुगालच्या राजाच्या वतीने व्हाइसरॉय व गव्हर्नर कारभार पाहत. असे तीन राजे गोव्यात एकमेकांशी भांडल्याचा प्रसंग इतिहासात कोठेही नाही. कपेलाच्या नावातील तीन राजे म्हणजे बाळ येशूच्या दर्शनास पूर्वेकडून आलेले ते तिघे, हे कासावलीचे कोणतेही मूल सांगेल. दर वर्षी ६ जानेवारीस कुएली, कासावली आणि आरोशी या तीन गावांतील तीन मुलगे राजवेष धारण करून त्या टेकडीवर जातात आणि मोठे फेस्त होते. म्हणजे नावाचा अर्थ न कळल्यामुळे दर्शनाच्या कथेची खुनाची कथा झाली, आणि नांदते प्रार्थनास्थळ भुताटकीचे ठिकाण ठरले.

वाचक म्हणतील, शेजाऱ्यांच्या कपेलाची वकिली आम्ही का करावी? त्याचे कारण सरळ आहे. वेतोबाच्या झिजलेल्या चपला पाहून उद्या एखादा उपरा पाहुणा आपल्या राखणदाराची भयकथा रचील, तर आपणांस ती रुचेल काय? जी कसोटी आपल्या देवळास हवी, तीच शेजाऱ्याच्या कपेलास लावणे हा साधा न्याय आहे.

ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून गोळा केलेल्या कोकणच्या लोकसमजुती त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ साली छापल्या. त्यांत कोणती माहिती कोणत्या गावच्या मास्तरांनी दिली, याच्या नोंदी आहेत. आपल्या देवस्थानांच्या स्मरणिकांत गावच्या भुताखेतांच्या गोष्टी हौसेने छापल्या जातात. त्या जरूर छापाव्यात. पण कोणी सांगितली, कोणत्या साली सांगितली आणि दप्तर काय म्हणते, या तीन ओळी प्रत्येक गोष्टीखाली असाव्यात. पुढच्या पिढीला गोष्ट सांगावयाची, तर तिचा दाखलाही तिच्या हाती द्यावयास हवा.