भित्तींचे वय : एक आक्षेप

दक्षिण ट्रॅपमधील बेसाल्टी भित्तींच्या वयांचे जे तक्ते प्रसिद्ध होतात, त्यांत एक उणीव वारंवार आढळते. वयाचा आकडा असतो, त्रुटीही दिलेली असते. परंतु ती भित्ती कोणत्या लाव्हाथरांना छेदून गेली आहे, याचा उल्लेख नसतो. धुळे-नंदुरबार परिसरातील भित्ती लाव्हांच्या पोषक वाहिन्या होत्या की त्या उत्तरकालीन, हा प्रश्न मुळात या छेदसंबंधाचा आहे. छेदणारी भित्ती छेदलेल्या थराहून तरुणच असली पाहिजे. प्रयोगशाळेने तिला वडीलपण दिले, तर दोष आकड्यात शोधावयाचा, कड्यात नव्हे.

असा विपरीत आकडा येणे मुळीच अशक्य नाही. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे, आणि त्यातील केवळ १०.७ टक्के ऱ्हास आर्गॉन-४० कडे जातो. आपल्या बेसाल्टांत पोटॅशियम आधीच अल्प. उघड्यावर पसरणाऱ्या लाव्हातून शिलारसातील पूर्वीचा आर्गॉन बहुतांशी निघून जातो. भूपृष्ठाखाली थिजणाऱ्या भित्तीत तो अडकून राहू शकतो आणि वय फुगते. उलट, खडकातील काच कुजून मातकट झाली की आर्गॉन निसटतो व वय घटते. निव्वळ पोटॅशियम-आर्गॉन मापनावर भित्तींच्या पिढ्या पाडणे म्हणूनच साहसाचे. टप्प्याटप्प्याने तापविण्याच्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत हे दोष पुष्कळसे उघडे पडतात. तथापि नुसता सपाट आलेख पुरेसा नाही. अडकलेल्या आर्गॉनचे गुणोत्तर वायुमंडलाच्या सुमारे २९८.५ शी जुळते की नाही, हेही दाखविले पाहिजे.

याहून गंभीर बाब प्रमाण-खनिजाची. आर्गॉन-आर्गॉन वय सापेक्ष असते. कोलोरॅडोतील फिश कॅन्यन टफाच्या सॅनिडीनचे वय गृहीत धरून ते बहुधा काढतात. हे वय १९९८ साली २.८०२ कोटी वर्षे मांडले गेले, २००८ साली सुमारे २.८२ कोटी. फरक पाऊण टक्क्याहूनही कमी; परंतु ६.६ कोटींवर तो सुमारे चार लाख वर्षांचा होतो. झिरकॉनच्या युरेनियम-शिसे मापनाने २०१५ साली ट्रॅपच्या मुख्य उद्रेकाचा सारा अवधीच सुमारे साडेसात लाख वर्षे ठरविला! बेसाल्टी भित्तींत झिरकॉन क्वचितच सापडतो. तेव्हा आर्गॉनवरच विसंबणे प्राप्त आहे. अशा स्थितीत जुनी-नवी वये एकाच स्तंभात बसवून 'आधी' आणि 'नंतर' ठरविण्यास काही आधार राहत नाही. जुनी वये एकाच प्रमाणावर पुन्हा काढावीत. ज्यांचे प्रमाण नोंदलेलेच नाही, ती तुलनेतून वगळावीत.