पाहुण्याचे गाव, शेजाऱ्याचे गाव

पीटर मेल यांचे 'अ इयर इन प्रोव्हान्स' (१९८९) आपल्यापैकी अनेकांनी चवीने वाचले असेल. मेनेर्ब परिसरातली जेवणे, वाइन, न संपणारे गवंडीकाम, सारेच खुमासदार! पण त्या गावात उद्याची चिंता कुणालाच दिसत नाही.

जवळच्याच रूसियों गावी अमेरिकन प्राध्यापक लॉरेन्स वायली १९५०-५१ मध्ये सहकुटुंब राहिले. गावाचे नाव बदलून लिहिलेल्या त्यांच्या 'व्हिलेज इन द व्होक्लूज'मध्ये (१९५७) शाळा आहे, शेजाऱ्यांविषयीचा संशय आहे, आणि पुन्हा युद्ध होईल या धास्तीने जर्दाळूची झाडे न लावणारा शेतकरीही आहे. दहा वर्षांनी वायली परत गेले, तेव्हा तिथे जर्दाळू लावलेले होते. गावाची ही भीती आणि उमेद मेल यांच्या पाहुण्या नजरेतून निसटली.

सुट्टीत गावी जाणाऱ्या आपल्यालाही काय दिसते?