पेपर बरोबर, माझा दावा चूक

कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये (सीटीव्हीटी) एका कुत्र्याच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात त्या चक्क जिवंत कॅन्सरपेशी. 'सेल'मधला मुर्जा आणि सहकाऱ्यांचा २००६चा पेपर यासाठी जरूर वाचा. इटली, भारत, केनियातल्या कुत्र्यांच्या गाठींचा डीएनए त्याच कुत्र्यांच्या रक्ताशी ताडून बघितला. जुळला नाही! उलट दूरदूरच्या गाठी एकमेकींशी जुळल्या. तुलनेला त्याच प्राण्याचं रक्त घेतलं, ही या मांडणीची खरी ताकद.

या गाठींत मिक जनुकाजवळ लाइन-१चा तुकडा घुसलेला असतो. पीसीआरने तो सापडतो. तेवढ्यावर मी प्रपोजलमध्ये लिहून टाकलं, 'निदान चाचणी सिद्ध झाली आहे.' गाइडनी लाल पेनाने विचारलं, "कुठे?"

खरंच, कुठे? अभ्यासलेल्या गाठी सीटीव्हीटी म्हणून आधीच ओळखलेल्या होत्या. दवाखान्यातली अडचण वेगळीच. सुईने काढलेल्या पेशी बघताना लिम्फोमा, हिस्टिओसायटोमा यांच्याही पेशी गोलच दिसतात. गाठ नाकात असली तर सीटीव्हीटीची शंकाही पटकन येत नाही. आणि गफलत महागात पडते. सीटीव्हीटी बहुधा एकट्या व्हिन्क्रिस्टीनने बरा होतो, लिम्फोमा होत नाही. अशा संशयित गाठींमध्ये चाचणी किती वेळा चुकते, हे पेपर सांगत नाही, कारण त्याचा प्रश्न गाठीच्या उगमाचा होता.

म्हणून संदर्भ देण्याआधी नमुने कसे निवडलेत, तो परिच्छेद वाचा. मी फक्त सारांश वाचला होता.